बदामचा गुलाम

परवा संध्याकाळी लाइट गेली आणि मेणबत्तीच्या उजेडात भाचीबरोबर गुलामचोर खेळायला बसले. शेवटी बिनजोडीचा बदामचा गुलाम तिच्याच हातात उरला. हरल्याचं तिला काही नाही, ती पान मेणबत्तीजवळ धरून बघत बसली. म्हणाली, "मावशी, हा गुलाम कसा गं? कपडे भरजरी, डोक्यामागे कुऱ्हाड. गुलामाला कुणी हत्यार देतं का?"

प्रश्न इतका बरोबर होता की दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

हा गुलाम मुळात गुलाम नाहीच. इंग्रजीत या पानाचं जुनं नाव नेव्ह. फ्रेंच पत्त्यांत तो व्हॅले, आणि तिथे चारही व्हॅलेंना योद्ध्यांची नावं आहेत: लान्सलॉट, हेक्टर, ओजिए आणि ला हीर. यातला ला हीर तर 15व्या शतकात जोन ऑफ आर्कच्या बरोबरीनं लढलेला खराखुरा माणूस. व्हॅले या शब्दाचंच दुसरं रूप जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेलं, ते व्हार्लेट. व्हार्लेट म्हणजे नाइटच्या, म्हणजे चिलखत घालून घोड्यावरून लढणाऱ्या सरदाराच्या, हाताखालचा पोरगा, त्याच्या दिमतीचा चाकर. आणि पुढे? व्हार्लेट म्हणजे बदमाश! नेव्हचीही तीच गत. आधी मुलगा, मग नोकर, मग लबाड माणूस.

आता त्याच दारातला दुसरा शब्द बघा, स्क्वायर. लॅटिनमध्ये स्कूटम म्हणजे ढाल. धन्याची ढाल वाहणारा तो स्क्वायर, किंवा जरा भारदस्त रूपात एस्क्वायर. सातव्या वर्षाच्या सुमाराला पोरगा एखाद्या सरदाराच्या गढीवर पेज, म्हणजे हरकाम्या पोर, म्हणून राहायला जायचा, चौदाच्या आसपास स्क्वायर व्हायचा. घोड्यांची निगा राखायची, चिलखताचा गंज काढायचा, जेवणाच्या वेळी मांस कापून वाढायचं. इंग्रज कवी चॉसरनं 14व्या शतकाच्या शेवटी रंगवलेला वीस वर्षांचा स्क्वायर आपल्या बापाच्या पानात मांस कापून वाढतो, आणि बाप स्वतः नाइट. लढाईआधी धन्याच्या अंगावर चिलखत चढवायचं तेही यानंच. ते पट्टे स्वतःचे स्वतःला नीट आवळता येत नाहीत. एक पट्टा ढिला राहिला तर भाला तिथूनच आत जाणार. एवढ्या मोठ्या योद्ध्याचा जीव त्या पोराच्या बोटांवर असायचा.

कष्टाचं म्हणाल तर व्हार्लेटही धन्याची सेवाच करत होता. पण स्क्वायर बहुधा खानदानी घरातला, उद्या स्वतः नाइट होणारा. पुढेपुढे नाइट होण्याचा खर्च आणि जबाबदारी नको म्हणून कित्येक जण जन्मभर स्क्वायरच राहिले, आणि हाताखालच्या माणसाचं नाव हाच एक दर्जा होऊन बसला. 1413 साली इंग्लंडचा राजा पाचव्या हेन्रीच्या कारकिर्दीत कायदा झाला, की दाव्यात प्रतिवादीचा दर्जा किंवा धंदा लिहायचा. तिथे एस्क्वायर कागदावर पक्का झाला. 18व्या शतकात स्क्वायर म्हणजे गावातला बडा जमीनदार. आज अमेरिकेत वकिलांच्या नावानंतर एस्क्वायर लागतं, वकील बाई असली तरी.

नाइट या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थही 'मुलगा, चाकर' असाच होता. त्याचा जर्मन सख्खा भाऊ क्नेख्त अजून चाकरीच करतोय!

म्हणून मला ठामपणे वाटतं, की शब्दाला मान मिळतो की शिवी होते, हे काम ठरवत नाही. काम करणारा कुणाच्या घरचा, ते बघून ठरतं. आपल्याकडे काय वेगळं झालं? फारसी सिलाहदार म्हणजे हत्यार बाळगणारा. त्याचा शिलेदार झाला, स्वतःचा घोडा घेऊन येणारा, म्हणून मानाचा. आजही पेपरात 'साहेबांचे शिलेदार' दिमाखात छापून येतात. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर मात्र कुणाच्या तोंडी नाही. आणि राजाच्या हुजुरात उभा राहणारा हुजऱ्या? हुजरेगिरी म्हटलं की आपण तोंड वाकडं करतो.

गुलाम या शब्दाचा अरबीतला मूळ अर्थही मुलगाच. आधी मुलगा, मग चाकर, मग विकत घेतलेला माणूस. म्हणजे नेव्हला आपण गुलाम म्हटलं ते नकळत किती नेमकं बसलं बघा. गरिबाचं पोर कुठल्याही भाषेत कामाला लागलं की त्याचं 'पोर' असणंच त्याच्या विरोधात वापरलं जातं.

हे जुन्या काळचं आहे असं कुणी म्हणू नये. आमच्या ऑफिसात चहा आणणारे काका साठीला आलेत. मिशा पूर्ण पांढऱ्या. एका हातात किटली, दुसऱ्या हाताच्या बोटांत चार ग्लास अडकवून तीन मजले चढून येतात. आणि हाक काय जाते? "ए पोऱ्या, दोन कटिंग." काल मी उठून सांगितलं, ही हाक आजपासून बंद. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अगं, शब्दच तर आहे, त्यात एवढं काय?" तिला मी वर लिहिलंय ते सगळं पहिल्यापासून सांगितलं, आमचे दोघींचे चहा गार होईपर्यंत.