'वाळवंटात जळायला आहे काय?' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

'ॲरिझोनात ट्रेकला जाणाऱ्या आपल्या लोकांसाठी खास टिप्स' असा एक मराठी फॉरवर्ड सध्या सगळीकडे फिरतोय. मला तो ठाण्याच्या मावशीने पाठवला. खाली लिहिलं होतं, "जूनमध्ये पोरांना घेऊन फ्लॅगस्टाफला जाणार आहात ना, वाचून ठेव." मावशीवर राग नाही. ज्याने हे लिहिलं त्याच्यावर आहे, कारण यातला एक सल्ला पाळल्याने जंगल पेटल्याची तारीखवार नोंद आहे.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: वाळवंटात वणवा कसला, जळायला आहे काय? आगी विजेने लागतात, माणसाने नाही. फॉरेस्टवाले उगाच जंगल बंद करतात, दंडबिंड कोणी घेत नाही. वापरलेला टॉयलेट पेपर मागे टाकू नका, तिथेच जाळून टाका. नकाशात झरे दिसतात, पाण्याचं ओझं नको. आणि जुलैत पाऊस आला की बिनधास्त जा.

पहिलं आधी उरकतो. ॲरिझोना म्हणजे नुसती वाळू आणि निवडुंग नाही. फ्लॅगस्टाफ साधारण २,१०० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या चहूबाजूंना पाँडेरोसा पाइनचं अफाट जंगल आहे. पण खालच्या खऱ्या वाळवंटातही आता जळायला भरपूर आहे. गुरांच्या चाऱ्यासाठी आणलेलं बफेल गवत तिथे मोकाट पसरलंय. हे म्हणजे आपल्याकडे चाऱ्याला लावतात ते अंजन गवतच. दोन निवडुंगांमधली जी जागा पूर्वी उघडी असायची, तीच यामुळे पेटती वाट झाली. सवारो या तिथल्या उंच, खांबासारख्या निवडुंगाला आग सोसायची सवयच नाही. त्याला पहिली फांदी फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, जळायला एक दुपार पुरते. २०२० मध्ये टोंटो जंगलातल्या 'बुश फायर'ने (तिकडे प्रत्येक वणव्याला असं नाव देतात) १ लाख ९३ हजार एकर खाल्ले. सुरुवात कुठून? रस्त्याकडेच्या एका पेटलेल्या गाडीतून.

आता टॉयलेट पेपर. हा मुद्दा वाचून मी फोन खाली ठेवला आणि पुन्हा उचलून वाचला, कारण लिहिणाऱ्याने खाली 'निसर्गाची काळजी घ्या' असंही लिहिलंय.

१२ जून २०२२, रविवार. सकाळी सव्वादहाच्या सुमारास फ्लॅगस्टाफच्या उत्तरेला टेहळणी मनोऱ्यावरून धूर दिसला. हा पाइपलाइन फायर. तिथून गाडी घेऊन निघालेल्या एका माणसाला पोलिसांनी अडवलं. फेडरल कोर्टात दाखल झालेल्या तक्रारीत त्याचं सांगणं नोंदलेलं आहे: शनिवारी दुपारी बाराच्या आसपास त्याने टॉयलेट पेपर पेटवला आणि एका दगडाखाली ठेवला. रविवारी आग दिसल्यावर ती त्याने आपल्या स्लीपिंग बॅगने विझवायचा प्रयत्न केला. कॅम्पफायरला बंदी असल्याची पाटी दिसली नाही, असंही तो म्हणाला. जळलेलं जंगल २६ हजार एकरांहून जास्त, आणि आसपासच्या वस्त्या रिकाम्या कराव्या लागल्या.

शनिवार दुपार ते रविवार सकाळ, हे अंतर लक्षात घ्या. 'आम्ही विझल्याची खात्री करूनच निघतो' म्हणणारे इथेच फसतात. पाइनखाली उकिडवं बसून गळलेल्या सुयांच्या, म्हणजे त्याच्या सुईसारख्या पानांच्या, थरात बोट खुपसून बघा. वरच्या सुया बोट लागताच मोडतात, त्याखाली तपकिरी भुसा, आणि त्याच्याही खाली अर्धवट कुजलेला, चहाच्या चोथ्यासारखा दिसणारा पण कोरडा ठाक थर. मे-जूनमध्ये दुपारी हवेतली आर्द्रता दहा टक्क्यांच्या खाली जाणं तिथे नेहमीचं आहे. अशा थरात ठिणगी गेली की ज्वाळा नाही, धूर नाही. आतल्या आत धुमसत राहते आणि वारा सुटला की वर येते. किती वेळ धुमसेल? शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात फॉरेस्ट सर्व्हिसनेच, म्हणजे सरकारी वनखात्यानेच, जानेवारी २०२२ मध्ये तोडलेल्या फांद्यांचे ढीग जाळले होते. त्यातली आग तीन वेळा बर्फ पडूनही खाली जिवंत राहिली आणि एप्रिलमध्ये वर आली. तोच काफ कॅनियन फायर. तो नंतर हर्मिट्स पीक फायरला जाऊन मिळाला आणि दोन्ही मिळून ३ लाख ४१ हजार एकर गेले. प्रशिक्षित माणसांनी लावलेली, बर्फाखाली दबलेली आग जिथे महिनोन्महिने टिकते, तिथे तुमचा दगड काय दाबणार?

कागद झिपलॉक पिशवीत घालून परत आणायचा. किळस वाटत असेल तर पिशवीवर दुसरी पिशवी घाला.

विजेच्या मुद्द्यात मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. जुलै २०२५ मध्ये ग्रँड कॅनियनच्या उत्तर काठावरचं जुनं लॉज ज्यात खाक झालं, तो ड्रॅगन ब्राव्हो फायर विजेनेच लागला होता. आणि वरचं न्यू मेक्सिकोचं प्रकरण तर दोन्ही टोकांनी सरकारी खात्याचंच. हर्मिट्स पीकही त्यांच्याच ठरवून लावलेल्या आगीतून सुटला. शंभर वर्षं प्रत्येक आग विझवत राहिल्याने जंगल नको इतकं दाट झालं, हेही खरं. पण सगळ्या अमेरिकेचा हिशेब बघितला तर बहुतेक वणवे माणसांमुळेच लागतात. २०११ चा वॉलो फायर, ॲरिझोनातला आजवरचा सगळ्यात मोठा, ५ लाख ३८ हजार एकर: सोडून दिलेली शेकोटी. वीज थांबवता येत नाही, म्हणून काडी ओढायला मोकळीक मिळते का?

जंगल 'उगाच' बंद करण्याबद्दल: झाडांच्या वलयांवरून केलेल्या अभ्यासात २००० ते २०२१ ही बावीस वर्षं नैर्ऋत्य अमेरिकेत किमान बाराशे वर्षांतली सर्वांत कोरडी ठरली. जून २०२१ मध्ये कोकोनिनो, कायबाब आणि अपाची-सिटग्रीव्हज ही तीन जंगलं पूर्ण बंद केली होती, ती याच काळात. त्याच दुष्काळामुळे नकाशातल्या झऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही. निळा ठिपका दिसतो आणि तिथे गेल्यावर भेगाळलेला चिखल असतो. पाणी पाठीवरच न्यायचं.

'पाऊस आला की बिनधास्त' हे तर जीवघेणं आहे. जळालेल्या उतारावर पाणी मुरत नाही, राख आणि ओंडके घेऊन घसरत खाली येतं. जून २०१७ मध्ये ॲरिझोनातल्या पेसन गावाजवळ हायलाइन फायर लागला. १५ जुलैला त्या डोंगरावर पाऊस पडला आणि खाली ओढ्यात पोहायला उतरलेल्या एकाच कुटुंबातली दहा माणसं गेली.

राहिला दंड. बंद जंगलात शिरलात किंवा आगीची बंदी मोडलीत, तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खरंच वणवा लागला तर हिशेब वेगळा: २०१७ मध्ये ॲरिझोनातल्याच टूसॉन शहराच्या दक्षिणेला होणारं बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करायला एकाने स्फोटक निशाण्यावर गोळी झाडली, ४७ हजार एकर पेटले, आणि त्याला ८१ लाख डॉलरहून जास्त भरपाई लागली. शिवाय आपल्यातले बरेचजण व्हिसावर आहेत, आणि व्हिसाच्या फॉर्मवर 'कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का' असा सरळ प्रश्न असतो. तिथे 'फॉरवर्डमध्ये वाचलं होतं' असं लिहायला रकाना नाही.