खुलासा: एका सौरवादळात ग्रहाचं वातावरण उडून जात नाही

‘चुंबकीय क्षेत्र नसलेल्या ग्रहाचं वातावरण एकाच मोठ्या सौरवादळात नाहीसं होतं, मंगळाचं तसंच झालं,’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

शुक्राकडेच बघा ना. त्याला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही, तरी पृष्ठभागावरचा वायुदाब पृथ्वीच्या सुमारे 90 पट! सूर्याच्या अतिनील किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरात विद्युतभारित कण तयार होतात आणि तो थरच सौरवाऱ्याला, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या भारित कणांच्या प्रवाहाला, बराचसा अडवतो.

मंगळाचं वातावरण विरळ झालं हे खरं, पण त्याला कोट्यवधी वर्षं लागली. मंगळाचं वातावरण तपासणाऱ्या नासाच्या ‘मेवन’ यानाच्या मोजणीनुसार तिथून सेकंदाला साधारण 100 ग्रॅम वायू निसटतो. वादळात हा वेग वाढतो, इतकंच.

खरा धोका मंगळाच्या जमिनीवरच्या किरणोत्साराचा आहे आणि त्याबद्दल त्या मजकुरात एक अक्षर नाही. 20 मे 2024 च्या सौरज्वालेनंतर (सूर्यावरच्या मोठ्या उद्रेकानंतर) मंगळावरच्या ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरच्या कॅमेऱ्यातल्या चित्रांवर पांढरे ठिपके आणि रेघा उमटल्या. ते कॅमेऱ्यावर आदळलेले भारित कण होते. रोव्हरशेजारी माणूस उभा असता, तर त्याला छातीच्या सुमारे 30 एक्स-रेंइतका मारा सोसावा लागला असता.