खुलासा: तटस्थ मत विरोधात धरायचं का?

'तटस्थ मतं विरोधातच धरतात, म्हणून नियमदुरुस्ती पडली' असा संदेश नांदेड-लातूरकडच्या विद्यार्थी परिषदांच्या गटांवर फिरतोय. तो सरसकट खरा नाही; नियमातले शब्द बघा. समजा परिषद ३० जणांची, हजर २०. बाजूने ११, विरोधात ५, तटस्थ ४. नियमात 'उपस्थित व मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश' असेल, तर मोजायची १६ मतं. ११ पुरतात, दुरुस्ती मंजूर. नुसतं 'उपस्थितांच्या' असेल तर १४ लागतात, 'एकूण सदस्यांच्या' असेल तर २०. गणपूर्तीत, म्हणजे बैठकीला लागणाऱ्या किमान हजेरीत, मात्र तटस्थ सदस्य मोजायचाच. मतदानाआधी अध्यक्षांनी नियम मोठ्याने वाचावा आणि इतिवृत्तात तिन्ही आकडे वेगवेगळे नोंदवावेत.