यजमानाच्या घरातले राजकारण

राजकीय कलेचे एखादे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन किती धीट आहे, हे ठरवताना तिथे किती देशांतील अन्यायांना वाचा फोडली गेली याची मोजदाद करण्याची आपल्याला सवय आहे. मला हा निकष अपुरा वाटतो. दूरच्या हुकूमशहाचे चित्र भिंतीवर लावायला यजमानाचे काहीच जात नाही. यजमान शहराची, त्याच्या सरकारची आणि पैसा पुरवणाऱ्यांची अडचण करणारे काम तिथे टिकते का, हे पाहायला हवे. जर्मनीतील कासेल येथे आता दर पाच वर्षांनी शंभर दिवस भरणाऱ्या ‘डॉक्युमेंटा’कडे मी याच नजरेने पाहतो.

कासेल सोलापूरकराला फार परके वाटू नये: राजधानीपासून लांबचे, मध्यम आकाराचे, कारखान्यांचे शहर. युद्धसामग्रीच्या कारखान्यांमुळे महायुद्धात त्यावर बॉम्बचा मारा झाला आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये शहराचा मध्यभाग जवळजवळ नष्ट झाला. त्याच शहरातील आर्नोल्ड बोडे यांनी १९५५ साली फ्रीडरिशियानुम या पडझड झालेल्या संग्रहालयात पहिले प्रदर्शन भरवले. नाझींनी ‘अधःपतित’ ठरवून हद्दपार केलेल्या आधुनिक कलेला सन्मानाने परत आणणे, हा त्यामागचा हेतू होता.

हेतू मोठा होता, पण त्यातून कोण वगळले गेले तेही पाहू. १९३७ साली म्युनिकमध्ये नाझींनी आधुनिक कलेची टिंगल करण्यासाठी जे प्रदर्शन भरवले, त्याच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ओटो फ्रॉइंडलिश या ज्यू कलावंताचे शिल्प छापले होते. १९४३ साली नाझींनी त्यांना छळछावणीत मारले. प्रायश्चित्ताच्या त्या पहिल्या प्रदर्शनावर त्यांच्याइतका हक्क क्वचितच कोणाचा असेल. तरीही १९५५ च्या कासेलमध्ये त्यांना जागा मिळाली नाही. बोडे यांचे वैचारिक सहकारी कलेतिहासकार वेर्नर हाफ्टमान हे स्वतः नाझी पक्षाचे सदस्य होते, ही गोष्ट तर अगदी अलीकडे सार्वजनिक चर्चेत आली. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की फार काही बोलायची गरज उरत नाही.

२०२२ साली जकार्ताच्या ‘रुआंग्रुपा’ या समूहाने सामूहिक धान्यकोठाराच्या कल्पनेवर पंधरावी डॉक्युमेंटा उभी केली. तिथे ‘तारिंग पादी’ या इंडोनेशियन गटाचा, तिथला हुकूमशहा सुहार्तो याच्या राजवटीवरचा २००२ सालचा एक प्रचंड फलक मुख्य चौकात उभारला गेला. शेकडो आकृत्यांच्या त्या गर्दीत डुकराच्या तोंडाचा एक सैनिक होता, त्याच्या गळ्यात डेव्हिडचा तारा हे ज्यूंचे चिन्ह होते आणि शिरस्त्राणावर ‘मोसाद’ हे इस्रायली गुप्तहेर संस्थेचे नाव लिहिले होते. दुसऱ्या एका आकृतीला सनातनी ज्यूंसारख्या कानाशी लोंबणाऱ्या बटा, सुळे आणि टोपीवर ‘एसएस’ या नाझी दलाची अक्षरे होती. हे ज्यूद्वेष्ट्या व्यंगचित्रांचे जुनेच साचे आहेत आणि त्यांचे समर्थन करता येणार नाही. गटाने माफी मागितली. फलक आधी काळ्या कापडाने झाकला गेला, मग उतरवला गेला आणि पुढच्या महिन्यात प्रदर्शनाच्या महासंचालकांना पद सोडावे लागले. तो फलक उतरवणे मला चूक वाटत नाही. मात्र त्यानंतर जे वारे सुटले, त्यात इस्रायलवरची टीका आणि ज्यूद्वेष यांतला फरक करण्याचे धैर्य संस्थेत उरले नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पुढच्या डॉक्युमेंटाचा कलासंचालक निवडणाऱ्या समितीतून आपले मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे यांना बाहेर पडावे लागले. निमित्त होते मुंबईतल्या इस्रायली वाणिज्य दूतावासाच्या एका कार्यक्रमाचा निषेध करणाऱ्या २०१९ सालच्या पत्रकावरची त्यांची सही. काही दिवसांतच उरलेल्या समितीनेही राजीनामा दिला. जर्मन इतिहासाची जखम मी हलकी मानत नाही, पण सह्या तपासून राजकीय कला जोपासता येत नाही.

याउलट १९८२ साली जर्मन कलावंत जोसेफ बॉइस यांनी फ्रीडरिशियानुमसमोर बेसाल्टच्या सात हजार शिळांचा ढीग रचला. अट अशी होती की शहरात एक झाड लागले की त्याच्याशेजारी एक शिळा रोवायची, म्हणजे झाडे लावल्याशिवाय तो ढीग हलणारच नव्हता. अनेकांना तो विद्रूप वाटला, तरी शहराने तो सोसला. बॉइस १९८६ मध्ये गेले आणि शेवटचे झाड १९८७ मध्ये लागले.

असे प्रदर्शन उद्या सोलापुरात भरले, तर आपण काय मांडू? १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे एकमताने मांडू, आणि ते मांडलेच पाहिजेत. पण तिथे आरोपी इंग्रज आहेत, त्यामुळे आपल्यापैकी कोणाचीही झोप उडत नाही. बंद गिरण्यांच्या कामगारांची थकलेली देणी कोणी मांडू देईल का? मांडीवर सूप घेऊन दिवसभर तेंदूपान वळणाऱ्या आणि हजार बिड्यांच्या हिशेबाने मजुरी घेणाऱ्या पूर्व भागातल्या बाईने, कारखान्याने बाद ठरवलेल्या आपल्या बिड्यांचा ढीग प्रदर्शनात रचला, तर उद्घाटनाला कोणते प्रायोजक येतील? आणि मकबूल फिदा हुसेन? याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मलेला हा चित्रकार १९७१ साली साओ पाउलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पिकासोबरोबर खास निमंत्रित होता. अखेरची वर्षे त्याने देशाबाहेर काढली आणि २०११ साली तो लंडनमध्ये वारला. त्याच्या चित्रांवर मतभेद असू शकतात, माझेही काही आहेत. पण त्याची चित्रे, त्याच्यावरचे खटले आणि त्याच्या विरोधकांची निवेदने अशी तिन्ही एकाच दालनात लावायला आपली कोणती संस्था तयार होईल, हे मला खरोखर ठाऊक नाही. कोणी तयार असेल तर कृपया सांगावे. जागा शोधण्यापासून कामाला लागायची माझी तयारी आहे.