मोबाइल वीज खेचत नाही, झाडाखालचा आसरा मात्र जीव घेतो

वळवाचे ढग दाटून आले की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. विजा चमकत असताना मोबाइल ताबडतोब बंद करा, मोबाइलच्या लहरी आकाशातली वीज खेचून घेतात, असं त्यात म्हटलेलं असतं. जोडीला पायात रबरी चप्पल ठेवा, पायाळू माणसापासून लांब राहा, वीज पडलेल्याला हात लावू नका, अशी आणखी दोन-चार कलमं कुणी ना कुणी चिकटवतं. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याला घाबरायला हवं त्याबद्दल हा मेसेज अवाक्षर काढत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. इतके जीव जात असताना चुकीचा सल्ला पुढे ढकलणं परवडणारं नाही, म्हणून त्यातल्या कलमांना उत्तर देतो.

‘मोबाइल वीज खेचतो.’ अजिबात नाही. ढगातून निघालेली वीज टप्प्याटप्प्याने खाली उतरते. ती जमिनीपासून पन्नास-शंभर मीटरांवर आली की खालच्या उंच वस्तूंमधून वर ठिणग्या झेपावतात आणि ज्या ठिणगीशी तिची गाठ पडते तिथे वीज कोसळते. ती कुठे पडणार हे ठरतं वस्तूच्या उंचीवरून, आकारावरून आणि आजूबाजूला दुसरं काही उंच आहे की नाही यावरून. खिशातल्या मोबाइलच्या लहरी इतक्या क्षीण असतात की हवेतून विजेला वाट करून देणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. मोबाइल येण्याआधीही आपल्या रानात विजेने माणसं मरत होती. आजही मराठवाड्यात एका फटक्यात शेळ्या आणि बैल दगावल्याच्या बातम्या येतात. त्यांच्या गळ्यात मोबाइल नसतो. मृताजवळ जळका मोबाइल सापडतो, कारण आता तो प्रत्येकाच्या खिशात असतो.

हा समज आला कुठून, त्याचा एक धागा सापडतो. २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लंडनच्या तीन डॉक्टरांचं एक पत्र छापून आलं होतं. बागेत मोबाइलवर बोलत असताना वीज पडून जबर जखमी झालेल्या १५ वर्षांच्या मुलीची हकीकत त्यात होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की वीज बरेचदा कातडीवरून निघून जाते, पण अंगाला धातूची वस्तू टेकलेली असेल तर आतली इजा वाढू शकते. म्हणजे वीज पडल्यानंतर काय होतं याची ती चर्चा होती. मोबाइलमुळे वीज पडते असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. जगभर फिरता फिरता मात्र त्या पत्राचा अर्थ पार उलटा झाला. धोका आहे तो तारेचा: चार्जिंगला लावलेला फोन कानाला धरणं, तारेचा लँडलाइन वापरणं, विजा कडाडत असताना मोटर चालू करायला स्टार्टरला हात घालणं.

मला सर्वांत जास्त खटकतं ते ‘बंद करा’ हे सांगणं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने दामिनी नावाचं ॲप केलं आहे. देशभर बसवलेल्या सेन्सरांच्या जाळ्यावरून ते तुमच्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटर टापूत विजा पडत आहेत का ते सांगतं. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारासुद्धा मोबाइलवरच येतो. सोयाबीन काढायला रानात गेलेल्या माणसाला आभाळ अजून लांब वाटत असतं, तेव्हा हाच इशारा त्याला अर्धा तास आधी उठवू शकतो. फोनच बंद असेल तर तो पोचणार कसा?

आता मेसेज जे सांगत नाही ते. पाऊस आला की माणूस बांधावरच्या चिंचेखाली, बाभळीखाली जातो. मेसेज वाचून मोबाइल बंद करतो, पोरांना जवळ घेतो आणि खोडाला टेकून उभा राहतो. आता वाचलो असं त्याला वाटतं, आणि तो उभा असतो नेमका सर्वांत वाईट जागी. झाडावर पडलेली वीज खोडावरून उतरता उतरता शेजारच्या अंगावर उडी घेते आणि मुळाशी पोचली की जमिनीतून चहूकडे पसरते. दोन पायांमध्ये जितकं अंतर जास्त, तितका धक्का मोठा. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांमध्ये अंतर जास्त असतं, म्हणून ती आधी जातात. चहूबाजूंनी उघडी पत्र्याची शेड हाही आसरा नव्हे. पक्कं घर गाठावं, नाहीतर काचा लावलेली जीप किंवा एसटी. काहीच जवळ नसेल तर झाडापासून दूर, खोलगट जागी पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं पडू नये आणि एकमेकांपासून अंतर ठेवावं. वीज दिसल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. तेवढ्यावर काम सोडायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

‘रबरी चप्पल वाचवते.’ जी वीज ढगापासून जमिनीपर्यंत कित्येक किलोमीटर हवा फाडून येते, तिला बोटभर रबर काय अडवणार? गाडीत माणूस वाचतो तो तिच्या बंद पत्र्यामुळे, टायरमुळे नाही. म्हणून मोटरसायकल आणि उघडा ट्रॅक्टर यांचा काही उपयोग नाही.

पायाळूचं म्हणाल, तर जन्मताना पाय आधी आले म्हणून शरीराची वीज वाहून नेण्याची रीत बदलत नाही. या समजापायी एखाद्याला ऐन पावसात घोळक्यातून बाहेर काढलं जात असेल, तर तो निव्वळ अन्याय आहे.

‘हात लावू नका, करंट लागेल.’ हे कलम थेट जीव घेणारं आहे. घरातल्या तारेला चिकटलेल्या माणसाबद्दलची खबरदारी इथे लावायची नाही. वीज क्षणात येऊन जाते, अंगात काहीही उरत नाही. हृदय कधीकधी आपणहून पुन्हा सुरू होतं, पण श्वास बंदच राहतो आणि त्यामुळे माणूस हातचा जातो. म्हणून निपचित पडलेल्याकडे आधी धावायचं. कुणीतरी १०८ ला फोन लावायचा आणि तोवर छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन धुगधुगी टिकवायची. छत्तीसगडमधून वीज पडलेल्याला उपाय म्हणून शेणात पुरून ठेवल्याच्या बातम्या येतात. त्यात हातातली मोलाची मिनिटं जातात. शुद्धीवर असलेल्यालाही दवाखान्यात न्यायचंच, कारण हृदयाची गडबड, कानाचा फाटलेला पडदा किंवा डोळ्यांची इजा बाहेरून दिसत नाही.