कूलर, मालकाच्या आग्रहावरून

बायकोची बदली पुण्याला झाली. मी मोबाईलवर सामान हलवणाऱ्यांच्या एका साइटवर ‘नागपूर ते पुणे, दोन खोल्या, हॉल, किचन’ एवढंच भरलं आणि चहा ठेवायला उठलो. दूध उतू जायच्या आत फोन सुरू. ‘सर, शिफ्टिंग करून राहिले ना तुम्ही?’ सासऱ्यांना बदलीचं सांगायचं बाकी होतं, पण नागपूरजवळच्या वाडीतल्या तमाम ट्रान्सपोर्टवाल्यांना कळून चुकलं होतं.

यांच्या नावांतही गंमत. एखाद्या नावाजलेल्या कंपनीच्या मागे-पुढे ‘न्यू’, ‘श्री’ नाहीतर ‘ओरिजिनल’ लावलं की झाली कंपनी. शाखा म्हणाल तर देशभर. ऑफिसचा पत्ता मात्र ‘वाडी नाक्यावर या अन् फोन मारा.’

एकानं सामान न बघताच बारा हजार सांगितले. ‘अहो, बघायला तरी या!’ तर म्हणे, ‘बघायचं काय सर, विश्वासावर चालते आपलं काम. समृद्धीनं एका रात्रीत पोहोचवतो.’ मी हरखलो. शेजारचे काका हरखले नाहीत. त्यांचं आयुष्य जकात नाक्यावर गेलेलं. ट्रकवाल्याच्या ‘विश्वास’ शब्दावर ते ताडपत्री उचलून बघतात.

‘बारा हजार नागपुरात,’ काका म्हणाले. ‘पुण्यात तुझ्या दारासमोर ट्रक उभा राहीन, मग तिसऱ्या मजल्याचे वेगळे, गल्ली अरुंद त्याचे वेगळे. गादी त्याच्या ताब्यात अन् तू फरशीवर. देशील ना मुकाट्यानं?’

मग त्यांनी मला कामाला लावलं. मालवाहतूकदाराची नोंदणी २००७ च्या कायद्यानं सक्तीची आहे, तो नंबर माग. बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, कोणाच्या नावानं फाटणार ते विचार. विम्याच्या नावाखाली टक्के मागतात, तर पॉलिसी खरोखर विमा कंपनीची आहे की यांच्याच लेटरहेडवर, ते बघ. आणि जीएसटी नंबर पंधरा अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, तो सरकारी साइटवर टाकून बघ. बघितला. ‘ऑल इंडिया’वाल्याचा नंबर लेडीज कुर्त्यांच्या दुकानाचा निघाला. कपाटाला बाह्या शिवून देणार होता की काय, देव जाणे.

बाकीचे नोंदणीचा नंबर विचारताच ‘आवाज कटून राहिला सर’ म्हणत गेले.

शेवटी एक जण स्वतः आला. हसणं नाही, ‘सर’ नाही. दिवाणाचं पोट उघडून बघितलं, माळ्यावर टॉर्च मारला, आणि खरडत सुटला : सोफा, उसवलेला. टीव्ही, ओरखडा. कपाट, एक दार लोंबतं. फ्रीज, हँडल नाही. बायको खांद्यावरून वाचत होती. वीस वर्षांत आमच्या संसाराबद्दल इतकं कोणी तोंडावर बोललं नव्हतं.

‘हा माणूस नको,’ ती स्वयंपाकघरात पुटपुटली.

‘हाच पाहिजे,’ काका दारातून म्हणाले. ‘आत्ता लिहिलं नाही, तर पुण्यात भांडता कशावर, बाप्पा?’

भाव सगळ्यांत जास्त होता. पण मजला, हमाली, टोल सगळं कागदावर, खाली सही. मग तो गच्चीवर गेला आणि थबकला.

‘हा कूलर पुण्याला?’

‘हो.’

‘तिथं लागत नाही जी.’

‘मे महिना कुठं सांगून येतो?’

त्यानं टाकीवर बोट फिरवलं, गंज बघितला, खसच्या ताट्या मोजल्या, माझ्याकडे एकवार नीट पाहिलं आणि यादीत शेवटची ओळ लिहिली : ‘कूलर १, स्टँडसह, गंजलेला. मालकाच्या आग्रहावरून.’