पोट टाकीवर ठेवस तू!

परवा भर रस्त्यात मला भंगाराच्या काट्यावर उभं केलं. कारण काय, तर मोटारसायकलच्या शॉकपचं, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळ्याचं, ऑइल सील (आतलं तेल अडवणारी रबरी कडी) गळत होतं. दोन्हींचा संबंध मीही तिथे सगळ्यांना विचारून पाहिला. माणसं भरपूर होती आणि रिकामी होती, तरी कुणी सांगेना.

गाडी स्प्लेंडर, नंबर एमएच १९ चा, म्हणजे जळगाव जिल्ह्यातला, वय मतदान करण्याइतकं. पुढच्या डाव्या शॉकपच्या पाइपवर आधी नुसतं तेलाचं कडं दिसायचं. त्यावर अमळनेरची धूळ बसली, काळं मलम झालं, आणि ते ओघळत ब्रेकच्या ड्रमकडे निघालं. ब्रेकला तेल लागलं की ब्रेक नावापुरता उरतो, म्हणून धुळे रस्त्यावरचं गॅरेज गाठलं. मिस्तरीने बोटाने तेल पुसलं, हुंगलं आणि म्हणाला, "दोन्हीकडची सीलं टाकू. एकच टाकलं तर दुसरं रुसतं." बरोबर आहे. जोडीनेच बदलतात आणि तेलही दोन्हीकडे सारखं मोजून भरतात. इथवर सगळं सभ्यपणे चाललं होतं.

"गाडी रडी ऱ्हायनी तुन्ही," बाकावरून आवाज आला.

गॅरेज म्हटलं की बाक आला, आणि बाकावर असा एक माणूस आला ज्याची कुठलीच गाडी तिथे दुरुस्तीला नसते. इथले आबा. पांढरी टोपी, कानात अत्तराचा फाया, आणि उभा जन्म बाजार समितीत मापाडी म्हणून काढलेला. धान्याचं पोतं डोळ्यांनी मोजायची सवय निवृत्तीनंतर जाणार कुठे? आता पोती नाहीत, तर माणसं.

"वजन कितलं शे तुन्हं?"

"ऐंशीच्या आसपास, आबा."

आबांनी मला वरून खाली पाहिलं. मग खालून वर. मग उठून मागच्या बाजूने जाऊन पाहिलं, हे मला फार लागलं. परत येऊन बसले, तंबाखू मळली, दाढेखाली धरली आणि निकाल दिला, "सत्त्यांशी. चप्पलसकट."

"छे हो, एवढं कुठलं!"

"लबाड नको बोलू."

समोर भंगारवाला. तो गिऱ्हाईक सोडून रस्ता ओलांडत आला. "आबांचा अंदाज चुकत नाही, भाऊ. चहाची पैज लावा." मी पैज लावली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. बाकाने ती माझ्या वतीने लावली. भंगारवाल्याच्या पोऱ्याने काट्यावरचे गंजलेले कूलरचे पत्रे खाली ओढले, फडकं मारलं आणि मला मानाने वर चढवलं. मे महिन्यातलं बाराचं ऊन. पत्रा चपलेतून चटके देतोय आणि समोर लाल आकडे नाचताहेत. ८६.९०० वर थांबले.

बाकावर टाळ्या पडल्या. एक शाळकरी पोरगं सायकल थांबवून आकडा मोठ्याने वाचून गेलं.

"यात घाम धरलाय," मी म्हणालो. "कट्टी कापा," म्हणजे मालात धरतात तशी वजनात घट धरा.

आबा एकदम गंभीर झाले. "घाम तुन्हाच शे ना? मंग तो वजनमा येस."

हे ऐकून मात्र डोकं फिरलं. आमच्याकडे कापूस विकायला नेला की ओलावा मोजतात. सरकारी खरेदीत ८ ते १२ टक्क्यांचं गणित असतं. ८ च्या वर गेलं की भाव उतरतो, १२ च्या वर गेलं की माल घरी न्यायचा. खाजगीत तर व्यापाऱ्याच्या मुठीलाच ओलावा कळतो. केळी असो, धान्य असो, कट्टी कापताना कुणाचा हात थरथरत नाही. आणि इथे एक माणूस उन्हात निथळत उभा आहे, तर शंभर ग्रॅम सोडायला कुणी तयार नाही!

"पोट टाकीवर ठेवस तू," आबा म्हणाले. "सर्वं वजन पुढला चाकवर. सील काय करी?"

मी समजावायचा प्रयत्न केला. बसलेल्या माणसाचा जास्त भार मागच्या चाकावर जातो. पुढे येतो तो ब्रेक मारला की. बाकावरचा दुसरा एक जण फार विचार करून म्हणाला, "मंग ब्रेक नका मारू."

तेवढ्यात मिस्तरीने पाइप उपसला. आतून तेल आलं ते काळं, पातळ, सडक्या वासाचं. त्याने पाइप पुसला, उन्हात धरला आणि माझं बोट घेऊन त्यावरून फिरवलं. मधोमध नख अडकलं. क्रोमवर गंजाचे बारीक खड्डे पडलेले, टाचणीच्या टोकाएवढे. पाइप वरखाली झाला की हेच खड्डे सीलच्या रबरी ओठाला खरवडत होते. जुनं सील बघितलं तर ओठ कडक झालेला आणि त्यात धुळीची काळी रेघ. वजनाचा काही संबंध? मी पाइप आबांच्या नाकासमोर धरला. त्यांनीही नख फिरवलं, मान डोलावली आणि म्हणाले, "वजन शे ते."

धूळ आणि गंज राहू द्या, आमच्या कॉलनीपासून बाजारापर्यंतचे गतिरोधक कुणी वजन करून घातले? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. चाक हळूच चढतं, हळूच उतरतं. आमच्याकडे उरलेलं डांबर रस्त्यात आडवं ओततात, वर पांढरा पट्टाही नाही. शॉकप दर वेळी तळाला जाऊन आपटतं. आणि गाडीने १५ वर्षं ओलांडली म्हणून पर्यावरण कर मी भरला. गाडी म्हातारी कुणी केली, त्याची पावती कुणाच्या नावाने फाडायची? हे मी मोठ्याने बोललो. बाक गप्प. वजनावर बोलायला सात तोंडं होती.

मिस्तरीने पाइप झिरो पेपरने, म्हणजे बारीक पॉलिश पेपरने, घासला. "चालेल काही दिवस, पण पाइप बदलावाच लागेल," म्हणाला. ओठाच्या मागची केसासारखी स्प्रिंग जागेवर आहे ना ते पाहिलं, सीलला तेल लावलं आणि पीव्हीसी पाइपचा तुकडा वर ठेवून हातोडीने हलकेच ठोकत ते बसवलं. ठिबक सिंचनाच्या या जिल्ह्यात पाइपच्या तुकड्याला तोटा नाही. आबांनी दरम्यान ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक तेल भरायचा सल्ला दिला. "जाड माणूस, जाड तेल."

चहाचे पैसे मी दिले. पैज न लावता.

तेवढ्यात दुसरी स्प्लेंडर आली. तिचंही शॉकप गळत होतं, उजवं. चालवणारा काडीसारखा. मागच्या सीटवरून वहिनी उतरल्या तशी गाडी दोन बोटं वर आली. सगळा बाक आबांकडे बघायला लागला. मीही आशेने बघितलं. आबांनी वरून खाली पाहिलं, तोंड उघडलं. वहिनींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि त्यांच्याकडे वळून बघितलं.

"ऊन भलतं पडी ऱ्हायनं यंदा," आबा म्हणाले आणि माझ्याच पैशांचा चहा बशीत ओतला.